शेऱ्याचा रकाना

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. खरं म्हणजे अजून जायची आहे, पण कोथरूडमध्ये हे असंच म्हणतात, ‘त्यांची धाकटी कॅनडाला गेली’ या चालीवर. चाळीस वर्षांची तीन मजली इमारत पाडून तिथे अकरा मजले उभे राहणार आणि तोवर आम्ही भाड्याच्या घरात. बिल्डर भाडं देणार, सामान हलवायचा खर्च देणार. पार्किंग कुणाला किती, यावर चार सभा झाल्या आणि दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं. पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न सभेत कधी निघाला नाही, कारण तो फक्त आमच्या घरात होता.

पुस्तकं माझ्या आजोबांची. सगळे त्यांना अण्णा म्हणत, आम्ही नातवंडंही. नारायण पेठेतल्या वाड्यातून १९८४ साली आम्ही इथे आलो तेव्हा टेम्पोच्या दोन फेऱ्या संसाराच्या झाल्या आणि दीड फेरी पुस्तकांची. अण्णा १९९६ साली गेले. त्यानंतर ती पुस्तकं कुणी फारशी वाचली नाहीत, पण दर दिवाळीच्या आधी पुसली मात्र. आईची शिस्त.

भाड्याच्या घरात एवढी कपाटं मावणार नाहीत म्हटल्यावर मी आधी सभ्य मार्ग धरला. एका ग्रंथालयाला फोन केला. उत्तर सौजन्याने मिळालं: आधी यादी पाठवा, आमच्याकडे नसेल तेवढंच घेऊ, उरलेलं तुम्हीच घेऊन जायचं. रागवायला जागा नव्हती. गावातल्या प्रत्येक वारलेल्या आजोबांची कपाटं त्यांनी उतरवून घेतली तर वाचकांनी उभं कुठे राहायचं? रद्दीवाला तर म्हणाला, “मॅडम, पुठ्ठे काढून ठेवा, बायंडिंगचं वजन धरत नाही.” त्याला चहा दिला आणि वाटेला लावला.

म्हणून यादी करायला बसले आणि तिसऱ्या खोक्यात वही सापडली.

लांबट, लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे उधारीला असते तशी. आत पट्टीने आखलेले रकाने. अनुक्रमांक, तारीख, नांव, पुस्तक, परत तारीख आणि शेवटी सगळ्यांत रुंद रकाना, शेरा. अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, तेव्हा घरातून पुस्तक बाहेर जाताना त्याची नोंद होणार यात नवल नाही. नवल त्या शेवटच्या रकान्याचं. त्यात पुस्तकाची अवस्था लिहिलेली असेल असं मला वाटलं होतं. तिथे पुस्तक परत आणून देताना माणूस काय म्हणाला ते लिहिलं होतं.

‘आवडलें. शेवट पटला नाहीं.’

‘दोनदां वाचलें म्हणाले. एकदांच वाचलें असावें.’

‘पान ६३ वर हळद. क्षमा मागितली नाहीं, लोणचें दिलें.’

‘वाद झाला. चहा दोनदां.’

आणि मधूनमधून, खाली तांबडी रेघ ओढून, ‘न वाचतां परत.’

ते अनुस्वार पाहून मला अण्णा समोर बसल्यासारखे दिसले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात नसलेले हे सगळे अनुस्वार लिखाणातून गेले. कचेरीतल्या कागदांवर अण्णांनी नवे नियम पाळले असतील, नोकरी होती. घरच्या वहीत मात्र त्यांनी एकही टिंब सोडलं नाही. इतकंच काय, नव्या पुस्तकांतही ते पेन्सिलीने टिंबं देत बसायचे. लहानपणी मला वाटायचं, पुस्तक विकत आणलं की आधी त्याला तीट लावतात.

टिंबांचा हा उद्योग त्यांनी ग्रंथालयाच्या पुस्तकांवरही केला असणार, अशी मला दाट शंका आहे. ते दोन ठिकाणी सभासद होते, १८४८ सालापासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरात आणि १९११ सालच्या पुणे मराठी ग्रंथालयात. एकीकडे पुस्तक बाहेर गेलेलं असलं तर दुसरीकडे मिळेल, हा हिशेब. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणं हा असभ्यपणा आहे, हे मला तत्त्वतः मान्य आहे. तरी जुनी कादंबरी घरी आणली की मी समास आधी बघते. कुणीतरी ‘लेखक मूर्ख आहे’ असं लिहिलेलं असतं, त्याखाली वेगळ्या शाईत ‘आपण कोण?’ आणि त्याखाली तिसऱ्याच हस्ताक्षरात ‘वाचनालयाचे पुस्तक खराब करू नये’. रहस्यकथेच्या बाराव्या पानावर खुन्याच्या नावाभोवती गोल काढून ठेवणाऱ्याला मात्र माझ्या राज्यात क्षमा नाही. असा मनुष्य प्रत्येक ग्रंथालयाला एक तरी असतोच.

वाड्यात आमच्यासकट आठ बिऱ्हाडं होती, आणि अण्णांच्या वहीइतकाच कडक कायदा आजीच्या स्वयंपाकघरात होता. दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही केलेलं नसलं तर चार दाणे घाल, तेही नसले तर चमचाभर साखर, पण भांड्याचा तळ दिसता कामा नये. आमच्या ओट्यावर कायम दोन-चार परकी भांडी आपली पाळी येण्याची वाट बघत उपडी पडलेली असायची. ती कुणाची हे ओळखायला अडचण नव्हती. तेव्हा स्टीलच्या प्रत्येक वाटीवर नाव घातलेलं असे, ठिपक्याठिपक्यांचं. भांडं घेतलं की दुकानदारच विचारायचा, “नाव काय घालू?” आमच्याकडे एक डबा आहे त्याच्यावर माझ्या आत्याच्या सासूबाईंच्या बहिणीचं नाव आहे. तो आमच्याकडे कसा आला आणि परत का गेला नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत. दोन्ही मतं मांडणाऱ्या बायका आता हयात नाहीत.

आजीने अण्णांच्या पुस्तकांतलं एकही वाचल्याचं मला आठवत नाही. पण वहीतला शेऱ्याचा रकाना तिला मान्य होता. कुणी पुस्तक नुसतंच दारात ठेवून, “अण्णांना सांगा, दिलं म्हणून” असं म्हणत गेलं, की ती आतून म्हणायची, “दोन शब्द बोलायला काय जातं मेल्याचं? साखर तरी रेशनवर आहे.”

हे वाक्य मी तेव्हा शंभरदा ऐकलं असेल. वही हातात धरून जमिनीवर बसले होते तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाई एकाच कायद्याची दोन कलमं सांगत होती.

वहीतली पहिली नोंद ४ ऑगस्ट १९६१ ची आहे. त्याआधी अण्णा पुस्तकं देत नव्हते असं नव्हे, पण लिहून ठेवत नव्हते. १२ जुलैला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी चढलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर. माणसं वेळेवर निघाली, पुस्तकं राहिली. पाणी उतरल्यावर अण्णा घरी आले तर भिंतीतल्या कपाटाची दारं उघडेनात, आत पुस्तकं फुगून एकमेकांत घट्ट बसली होती. शेवटी बिजागऱ्या काढल्या. दोनशेच्या वर पुस्तकं होती. चिखलाचा वास जात नाही आणि पानाला पान सुटत नाही म्हटल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हातांनी रस्त्यावरच्या ढिगाऱ्यावर नेऊन ठेवली. “टाकली” असं ते कधी म्हणाले नाहीत.

आणि मग, आजीच्या सांगण्याप्रमाणे, आठवडाभरात माणसं यायला लागली. अण्णांकडून कधीतरी नेलेलं पुस्तक काखेत मारून. एक कॅम्पातून आला, एक भवानी पेठेतून, कचेरीतले एक साहेब शिवाजीनगरहून चालत आले. कुणी बरोबर पिठलं-भाकरी आणली, कुणी जुनी सतरंजी. अकरा पुस्तकं परत आली. पुराआधी अण्णांकडे असलेल्या पुस्तकांपैकी तेवढीच आज आमच्या घरात आहेत, आणि तीही केवळ घरात नव्हती म्हणून. “घरातली गेली, दिलेली राहिली,” असं अण्णा म्हणत. लोकांना वाटे ते काही आध्यात्मिक बोलताहेत. ते कारकुनी हिशेबाने बोलत होते.

नंतर त्यांनी पुस्तकं देण्याचा सपाटाच लावला. जवळजवळ गळ्यात मारायचे. मी शाळेतून आले की ओसरीवर कुणीतरी परका माणूस अवघडून बसलेला असायचा आणि अण्णा त्याला, “हें घेऊन जा, सावकाश आणा,” असं सांगत असायचे. वहीत ४१२ नोंदी आहेत. त्यांतल्या ५७ पुस्तकांपुढे परत तारीख नाही. पुराने एका दुपारी दोनशे नेली, माणसांनी पस्तीस वर्षांत सत्तावन्न. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हे आकडे त्यांच्या बाजूने आहेत, ते सांगायला हवं.

विश्वास नाही म्हणते, कारण मी स्वतः पुस्तक कुणाला देत नाही. कुणी मागितलं की “शोधून ठेवते” म्हणते आणि शोधत नाही. याला कारण आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजारेक प्रतींची, ती संपली की संपली. मग अप्पा बळवंत चौकात जाऊन विचारलं तर दुकानदार खुर्चीतून न उठता मान हलवतो, आणि त्या मान हलवण्यात ‘इतकी वर्षं कुठे होतात?’ हेही असतं. एकदा एका मैत्रिणीला असंच एक दुर्मीळ झालेलं पुस्तक मोठ्या मनाने दिलं. आठ महिन्यांनी धीर करून मागितलं तर म्हणाली, “अगं, ते मी पुढे एकीला दिलं. तिला इतकं आवडलं!” ती एकी कोण, ते मला आजतागायत ठाऊक नाही. पुस्तक गेल्याचं दुःख होतंच. पण खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मैत्रिणीने स्वतः ते वाचलं होतं का, तिला काय वाटलं, याचा तिने अवाक्षरही उच्चार केला नाही. डबा तर गेलाच, वर त्यातलं कसं झालं होतं तेही कळलं नाही.

आता माझ्या भाच्याचं सांगते. वय चोवीस, हिंजवडीला नोकरी, मुलगा गुणी. तो पुस्तकं मागत नाही, पासवर्ड मागतो. हल्लीची उसनवारी ही. माझ्या एका खात्यावर माझी बहीण, तिचे दीर, भाचा आणि भाच्याचा रूममेट इतके जण सुखाने नांदत होते. २०२३ च्या जुलैत नेटफ्लिक्सने भारतातही घराबाहेरच्यांना पासवर्ड देण्यावर बंदी आणली तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जे शोकसंदेश आले, तितके काही सख्ख्या नातेवाइकांच्या वाट्यालाही आले नव्हते. पण ते सुखाचे दिवस होते तेव्हा मला एक मजा कळली. ‘अर्धवट पाहिलेलं’ अशी एक ओळ असते, तिच्यात कुणी काय किती मिनिटांवर सोडलं ते दिसतं. बहिणीच्या दिरांनी एक मोठी गाजलेली मालिका पहिल्या भागाच्या सतराव्या मिनिटाला सोडली होती. लग्नात भेटले तेव्हा मात्र तिच्यावर वीस मिनिटं बोलले. अण्णांच्या वहीत त्यांच्यापुढे तांबडी रेघ आली असती. यंत्राकडेही रकाना आहे, पण ते मेलं कुणाला चहाला थांबवत नाही.

भाचा सिनेमा दीडपट वेगाने बघतो. “मावशी, मधलं काही होतच नाही गं,” असं त्याचं म्हणणं. आवडला का विचारलं तर म्हणतो, “वन टाइम वॉच.” हा शब्द पुण्यात आता पासष्टीच्या काकाही वापरतात. माझ्या मते अभिप्राय या वस्तूचं इतकं पातळ ताक दुसऱ्या कुठल्या शब्दाने केलेलं नाही. चांगला की वाईट, शेवट पटला की नाही, कुठे झोप आली, कुणाचं काम खोटं वाटलं, काही नाही. एकदा बघण्यासारखा! मग काय, आयुष्यात बहुतेक गोष्टी एकदाच बघतो आपण.

तरी मी भाच्याच्या पिढीला नावं ठेवणार नाही, कारण आमच्या पिढीचा ग्रुप मी रोज सकाळी बघते. तिथे पु. लं.च्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेल्या कविता फिरत असतात, आणि खाली चौदा अंगठे. वाचून अंगठा देणारे किती आणि बघून देणारे किती, कुणी सांगावं. एकदा मी लिहिलं की ही कविता त्यांची असणं शक्य नाही, त्यांची वाक्यं अशी चालत नाहीत. दिवसभर शांतता. संध्याकाळी एका वहिनींनी खाजगीत विचारलं, “तुझी तब्येत बरी आहे ना?”

अण्णांचा शेरा फक्त पुस्तकांपुरता नव्हता. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली झालं तेव्हापासून तिथे ते महिन्यातून एकदा तरी जात. नाटक संपलं की गर्दी बाहेर पडायची आणि अण्णा उलटे, मागच्या बाजूला, रंगपटाकडे. कलावंतांना विंगेत जाऊन भेटण्याची रीत तेव्हा सरसकट होती, अजूनही काही जण पाळतात. फरक इतकाच की अण्णा “छान झालं” एवढ्यावर थांबायचे नाहीत. एका नटाला, तो घाम पुसत असताना, “दुसऱ्या अंकांत आपण घाई केलीत” असं त्यांनी सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. दहा वर्षांची होते, लाजेने जमिनीत जावंसं वाटलं. नट क्षणभर थांबला. मग हात जोडून म्हणाला, “खरंय. एक प्रवेश नवा बसवलाय, धास्ती होती.” परतताना अण्णा खुशीत होते. मला वाटायचं, ते चूक काढल्यामुळे खूश झाले. आता वाटतं, त्यांचं ऐकून घेतलं म्हणून झाले असावेत.

आता मागे जाणारे जातात ते फोटो काढायला. नटाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, बोटाने खूण करायची, निघायचं. नाटकाबद्दल एक शब्द नाही. आणि प्रयोग चालू असताना वाजणारे फोन! यावर पोटतिडकीने दोन परिच्छेद लिहायचं ठरवलं होतं, पण ते लिहिण्याचा अधिकार मी गमावून बसले आहे. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात, तिसऱ्या रांगेत, ऐन मरणाच्या प्रसंगात माझाच फोन वाजला. आईचा होता. कुकरची शिट्टी कुठे ठेवली आहेस, असं विचारायला.

पुणेरी पाट्यांबद्दलही सगळे मला मत विचारतात, जणू कोथरूडच्या माणसाकडे ते तयार असतंच. पाट्या मला पूर्वी आवडायच्या. आता त्या टी-शर्टवर आणि फ्रिजच्या चुंबकांवर आल्या आहेत, आणि खोचक बोलणं हाच जणू आमचा स्वभाव असं बाहेरच्यांना वाटतं. खरी पाटी लावणारा माणूस खोचक नसायचा, वैतागलेला असायचा. कुणीतरी त्याच्या दारात तीनदा गाडी लावलेली असायची. चहा न विचारण्याच्या विनोदाचंही तेच. आमच्या वाड्यात चहा विचारत नसत हे खरं आहे. टाकत असत. विचारलं की माणूस नको म्हणतो, हे आजीला ठाऊक होतं.

असो. वहीवरून इकडे भरकटले. यादी करताना दुसरी एक गोष्ट हाती आली आणि ती वहीपेक्षा अडचणीची निघाली.

काळ्या बायंडिंगचं एक जुनं प्रवासवर्णन. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का. एका गृहस्थांचं नाव, खाली वाड्याचं नाव, शनिवार पेठ, पुणे ३०. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘वाचून परत करणें.’ म्हणजे हे पुस्तक आमचं नव्हतं. अण्णांनी आणलेलं होतं. दिलेल्या पुस्तकांची वही पट्टीने आखून ठेवणाऱ्या माणसाने घेतलेल्या पुस्तकांसाठी एक चिटोरं केलेलं नव्हतं. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. आत्याच्या सासूबाईंच्या बहिणीच्या डब्यावर माझं काय मत असायला हवं, तेही त्याच क्षणी ठरलं.

एकेचाळिसाव्या पानावर पीएमटीचं एक तिकीट खुणेला घातलेलं होतं, कडा पिवळ्या पडलेलं. त्यापुढे एकाही पानावर पेन्सिलीचं टिंब नव्हतं. मागच्या चाळीस पानांवर भरपूर होती. अण्णांना ते पुस्तक पुढे वाचवलेलं दिसत नाही. आणि न वाचता परत कसं करणार? दुसऱ्यांच्या नावापुढे इतक्यांदा तांबडी रेघ ओढल्यावर? बहुधा उद्या वाचू, पुढल्या आठवड्यात वाचू, असं करत ते आमच्यातच मुरलं.

मीही वाचायला घेतलं. लेखक एका घाटातून चालला होता आणि घाट संपत नव्हता. नवव्या पानाला मिटलं.

पण परत करायचं हे नक्की केलं. घर हलवायला तीन आठवडे होते. एका रविवारी सकाळी बेसनाचे लाडू केले, स्टीलच्या डब्यात भरले आणि शनिवार पेठेत गेले. रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं तर रक्तात आहे. वाडा अर्थातच नव्हता. त्या जागी पाच मजली इमारत होती, पण बिल्डरने वाड्याचंच नाव तिला ठेवलं होतं, पुढे ‘अपार्टमेंट’ जोडून. खाली झेरॉक्सचं दुकान. दुकानदाराला आडनाव सांगितलं तर त्याने वर न बघता सांगितलं, “दुसरा मजला. आत्ता जा, एकनंतर बेल वाजवू नका.” बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दार पंचाहत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. पांढरे केस, नाकावर वाचायचा चष्मा, बोट घालून मिटलेलं एक मासिक हातात. मी सगळं सांगितलं, जरा घाईघाईने, मी काही विकायला आलेली बाई नाही हे आधी कळावं म्हणून. अण्णा, नारायण पेठ, पुनर्विकास, खोकी, शिक्का. काकूंनी पुस्तक हातात घेतलं. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. “बाबांचा शिक्का,” एवढंच म्हणाल्या. जरा वेळ गेला. मग त्यांनी मला आत बसवलं, लाडवांचा डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि मी नको म्हणायच्या आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

चहा घेताना त्या पुस्तक मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तिकीट त्यांनी जिथल्या तिथे राहू दिलं होतं. मला वाटलं, आता जुन्या आठवणी निघतील, बाबा, वाडा, पूर. तसं काही झालं नाही. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “आणि कसं वाटलं पुस्तक?”

मी म्हणाले, “काकू, खरं सांगायचं तर… पॅकिंगच्या गडबडीत…”

“वाचलं नाहीस.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलं नाही.

“आठ-नऊ पानं वाचली. तो घाट…”

“घाट पस्तिसाव्या पानाला संपतो,” त्या म्हणाल्या. “त्याच्यापुढे चांगलं आहे. तुझ्या आजोबांनी एकेचाळिसाला सोडलं म्हणजे करंटेपणाच केला.” आणि त्यांनी पुस्तक उचलून माझ्या पिशवीत घातलं. मी उभी राहिले, काहीतरी पुटपुटले, घर हलतंय, राहून जाईल, हरवेल. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. दारापर्यंत आल्या. एक वाजायला सात मिनिटं कमी होती.

“दोन आठवडे पुरेत तुला. डबाही तेव्हाच ने,” त्या म्हणाल्या. “आत्ता रिकामा कसा देऊ?”